२०० अँपिअरचं मशीन आणि २ किलोवॅटचा मीटर

कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका गावातलं घर. मागच्या अंगणात १२ बाय १५ फुटांची पत्र्याची शेड. मालक नोकरदार, कामाला वेळ शनिवार-रविवारी आणि इतर दिवशी संध्याकाळी. हाताशी २०० अँपिअरचं जुनं इन्व्हर्टर कांडीचं (इलेक्ट्रोडचं) वेल्डिंग मशीन, चार इंची ग्राइंडर आणि पाईप कापायचं कटऑफ मशीन. कामं दोन तऱ्हेची: १६ आणि १८ गेजच्या चौकोनी पाईपची गेटं, रॅक, टेबलांचे सांगाडे, खिडक्यांच्या ग्रिल, आणि वर्षातून दोन-चारदा घरच्या ट्रॅक्टर ट्रॉलीची दुरुस्ती, म्हणजे ६ ते ८ मिमीच्या पट्ट्या, फाळक्याच्या बिजागऱ्या, हुकाचे कान.

मागणी अशी होती: हे सगळं एकाच मशीनवर होईल असं सीओटू मशीन (म्हणजे मिग: कांडीऐवजी रिळेवरची तार आपोआप पुढे येते आणि सांध्यावर गॅसचं आवरण राहतं), पन्नास हजारांच्या आत, २०० अँपिअरच्या खाली नको. या मागणीतला अँपिअरचा आकडा सगळ्यात आधी ठरला होता आणि तोच सगळ्यात शेवटी ठरवायचा असतो. घरच्या शेडमध्ये मशीन किती अँपिअर देऊ शकतं हे मशीनपेक्षा मीटर, वायर आणि संध्याकाळचं व्होल्टेज ठरवतात.

कामाची यादी फोडली

१६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी आणि १८ गेज म्हणजे १.२ मिमी जाडीचा पाईप. त्यावर अडीच मिमीची कांडी चालवायची तर ६०-७० अँपिअर लागतात आणि हात जरा रेंगाळला की भोक पडतं. भोक बुजवताना कडा आणखी वितळते, मग तिथे लोखंडाचा गोळा बसतो आणि तो घासण्यात अर्धा दिवस जातो. ०.८ मिमीची तार मात्र ५० ते ७० अँपिअरवर शांतपणे जळते, स्लॅग (सांध्यावर बसणारं कवच) ठोकावा लागत नाही, आणि एका हाताने पाईप धरून दुसऱ्या हाताने टाका मारता येतो. पाईपकामासाठी मिग घेण्याला पक्कं कारण आहे.

ट्रॉलीचं काम उलट आहे. ८ मिमीच्या पट्टीत मुळापर्यंत वितळवायचं तर मिगला १८० ते २०० अँपिअर आणि शक्यतो १.० किंवा १.२ मिमीची तार हवी. शिवाय ट्रॉली शेडमध्ये मावत नाही. ती अंगणात उभी राहणार, वारा गॅस उडवून नेणार. तेच काम कडा तिरकी घासून, ३.१५ मिमीच्या कांडीने ११०-१२० अँपिअरवर दोन-तीन थरांत चांगलं होतं. वाऱ्याचं कांडीला फारसं काही वाटत नाही. जे कांडीचं मशीन लोक मिग आल्यावर विकून टाकतात, त्याची खरी गरज नेमकी इथे असते.

म्हणून यादीचे दोन भाग केले. १.२ ते ४ मिमी मिगवर, त्यापुढचं आणि उघड्यावरचं सगळं कांडीवर. एवढ्या एका निर्णयाने मिगकडून लागणारा करंट २०० वरून १२० अँपिअरवर आला आणि विजेचा प्रश्न आवाक्यात आला.

मीटरपासून शेडपर्यंत

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ म्हणून आकडा छापलेला असतो. इथे तो २ किलोवॅट होता. मीटरच्या पाटीवर ५-३० अँपिअर लिहिलं होतं; म्हणजे ३० अँपिअर ही त्या मीटरची कमाल.

मिगचा आउटपुट व्होल्टेज मानकांनुसार १४ अधिक करंटच्या ०.०५ पट धरतात. त्यावरून हिशोब सोपा आहे. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८३ टक्के आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामी येणारा वाटा, ०.७ धरला (सिंगल फेजच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या मशीनमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट सहसा नसतं), तर २३० व्होल्टवर चित्र असं दिसतं:

७० अँपिअर वेल्डिंग – १७.५ व्होल्ट – भिंतीतून ९ अँपिअर
१२० अँपिअर – २० व्होल्ट – १८ अँपिअर
२०० अँपिअर – २४ व्होल्ट – ३६ अँपिअर

शेवटची ओळ त्या मीटरच्या बाहेरची आहे. आणि उलट बाजूने पाहिलं तर १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून फार तर ११० अँपिअरचं वेल्डिंग निघतं. ज्या मशीनला १६ अँपिअरची पिन आहे आणि अंगावर २५० लिहिलंय, त्याचा अर्थ यातून कळावा.

कांडीचं मशीन यात आणखी खादाड. कांडीचा व्होल्टेज २० अधिक ०.०४ पट करंट असा धरतात, त्यामुळे १२० अँपिअरला २४.८ व्होल्ट होतात आणि भिंतीतून २२ अँपिअर जातात. म्हणजे ट्रॉलीच्या दिवशी लाईनवर मिगपेक्षा जास्त ताण. नवीन वायर त्याच हिशोबाने घालायची.

जुनी वायर उघडून पाहिली तर ती २.५ चौरस मिमीची ॲल्युमिनिअमची निघाली, मीटरपासून शेडपर्यंत २२ मीटर. जाऊन-येऊन तिचा रोध साधारण ०.५३ ओहम. १८ अँपिअर वाहिले की साडेनऊ व्होल्ट वायरीतच खर्च. सकाळी शेडमध्ये २२८ व्होल्ट मिळत होते, संध्याकाळी सातच्या सुमारास २०४. बहुतेक इन्व्हर्टर मशीन २३० च्या १५ टक्के खाली, म्हणजे १९५ व्होल्टपर्यंत चालतात. २०४ मधून साडेनऊ वजा केले की मशीन कड्यावर उभं. त्यात खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरीची घट मिळवली की मशीनवर पिवळा दिवा. ‘सकाळी चालतं, संध्याकाळी बंद पडतं, मशीनच खराब’ या तक्रारीचं मूळ कित्येकदा एवढंच असतं.

करायचं ते असं ठरलं. मीटर बोर्डपासून स्वतंत्र लाईन, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही ६ चौरस मिमी तांब्याच्या. १८ अँपिअरला घट २.४ व्होल्टवर आली. शेडमध्ये ३२ अँपिअरचा निळा औद्योगिक सॉकेट आणि त्याच्याआधी ३२ अँपिअर, सी-कर्व्ह, ३० मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा आरसीबीओ (जादा करंट आणि गळती दोन्हींवर तुटणारा ब्रेकर). बी-कर्व्ह घेतला तर मशीन चालू करताना कपॅसिटर भरतात तेवढ्या झटक्यानेही तो पडू शकतो. इन्व्हर्टरच्या आतल्या फिल्टरमुळे थोडी गळती नेहमीच असते. ती घरातल्या इतर उपकरणांच्या गळतीत मिसळली की घराचा मुख्य आरसीसीबी (फक्त गळतीवर तुटणारा ब्रेकर) विनाकारण पडत राहतो आणि वायरमन तो काढून टाकायला सांगतो. काढायचा नाही. वेगळी लाईन, वेगळा आरसीबीओ हा त्यावरचा उपाय.

मंजूर भार २ वरून ५ किलोवॅट करण्याचा अर्ज महावितरणकडे दिला. मीटर तोच राहिला तर वेल्डिंगच्या वेळी गिझर बंद ठेवायचा, कारण १८ मशीनचे, ९ गिझरचे आणि ४ पंखे-फ्रिजचे मिळून ३१ होतात. खांबावरच्या न्यूट्रलचा सांधा सैल नाही ना, हेही महावितरणच्या माणसाकडून बघून घेतलं. न्यूट्रल सैल असेल तर वेल्डिंगच्या झटक्यांबरोबर घरभर दिवे लहान-मोठे होतात, आणि तो सांधा तुटला तर टीव्ही-फ्रिज जळायला वेळ लागत नाही.

तीन मशीन, तीन पाट्या

पहिलं ऑनलाइन दिसलेलं. ‘२५० अँपिअर, थ्री इन वन, गॅसशिवाय’. किंमत सगळ्यांत कमी. पाटीवर ड्युटी सायकलचा, म्हणजे किती अँपिअरवर मशीन किती वेळ चालेल याचा, तक्ताच नव्हता, पण इनपुट ४.८ केव्हीए लिहिलेलं होतं. त्यातून वर दिलेल्याच गुणकांनी आउटपुट २.८ किलोवॅट निघतं, म्हणजे १३५ अँपिअर. २५० हा आकडा कुठून आला ते छापणाऱ्यालाच माहीत. पण १३५ अँपिअर या कामाला पुरले असते, त्यामुळे नाकारण्याचं कारण ते नव्हतं. कारणं दुसरी होती: टॉर्च (तार आणि गॅस सोडणारी हातातली बंदूक) मशीनलाच कायमचा जोडलेला, आत फक्त १ किलोची रीळ मावणारी, तार ढकलणारं गिअर प्लास्टिकचं. टॉर्च ही झिजणारी वस्तू आहे. ती बदलता येत नसेल तर टॉर्च गेल्यावर मशीन गेलं.

गॅसशिवाय चालणाऱ्या फ्लक्स भरलेल्या तारेचा मोह इथे पुष्कळांना होतो. ती तार वाऱ्यात चालते हे खरं. पण तिला उलटी पोलॅरिटी लागते (टॉर्च ऋण, अर्थ क्लॅम्प धन), धूर जास्त, स्लॅग ठोकावा लागतो, किलोमागे किंमत बरीच जास्त, आणि पातळ पाईपवर ती साध्या तारेइतकी सुटसुटीत चालत नाही. ज्याच्याकडे कांडीचं मशीन आहे त्याला तिची गरज क्वचित.

दुसरं कोल्हापूरच्या उद्यमनगरमधल्या विक्रेत्याकडचं, सिंगल फेज २०० अँपिअर इन्व्हर्टर. याच्या पाटीवर पूर्ण तक्ता होता: ४० टक्क्यांवर २०० अँपिअर, ६० वर १६३, १०० वर १२६. ड्युटी सायकल दहा मिनिटांच्या हिशोबाने मोजतात. ४० टक्के म्हणजे दहातली चार मिनिटं आर्क (प्रत्यक्ष वेल्डिंग), सहा मिनिटं विश्रांती, आणि तेही ४० अंश सेल्सिअसच्या हवेत. तक्ता खरा आहे का हे घरी तपासता येतं: करंटचा वर्ग गुणिले टक्केवारी हा गुणाकार तिन्ही रकान्यांत जवळपास सारखा यायला हवा. २०० चा वर्ग गुणिले ०.४ म्हणजे १६,०००. १२६ चा वर्ग गुणिले १ म्हणजे १५,९००. जुळतं. ज्या पाटीवर हे गुणाकार एकमेकांपासून लांब जातात, तिथे निदान एक आकडा सजावटीचा असतो.

पाटीवर आणखी दोन आकडे होते: कमाल इनपुट करंट ३७ अँपिअर आणि परिणामी (विश्रांतीचा वेळ धरून काढलेला) इनपुट करंट २३.४. वायर दुसऱ्यावर निवडायची, मीटर आणि एमसीबीचा विचार करताना पहिला डोळ्यासमोर ठेवायचा. मालकाला हवे असलेले १२० अँपिअर १०० टक्क्यांच्या रकान्यात बसत होते. म्हणजे एप्रिलच्या तापलेल्या शेडमध्येही थर्मल ट्रिप होण्याचं, म्हणजे तापून आपोआप बंद पडण्याचं, फारसं भय नाही. २०० च्या मशीनला १२० वर चालवणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही. घरच्या कामात मशीन टिकतं ते असंच.

तिसरं शिरोली एमआयडीसीतल्या एका गाळ्यातून निघालेलं जुनं थ्री फेज ४०० अँपिअर, ट्रान्सफॉर्मरवालं. किमतीला परवडणारं, दणकट, ‘याला मरण नाही’ अशा शिफारशीसह. थ्री फेज जोडणी नव्हतीच, पण असती तरी ते चुकीचं ठरलं असतं. त्याच्यासोबतचा फीडर (तार ढकलणारा भाग) आणि टॉर्च १.२ मिमी तारेचे, आणि १.२ ची तार नीट जळायला साधारण शंभर अँपिअर तरी हवेत. १८ गेजच्या पाईपवर ती चालवणं म्हणजे पाईप कापणं. मोठं मशीन लहान काम करतंच असं गृहीत धरलं जातं. मिगमध्ये ते खरं नसतं.

दुसरं घेतलं. घेण्याआधी दुकानात चार गोष्टी पाहिल्या. टॉर्चचा जोड युरो कनेक्टर आहे का, म्हणजे कोणत्याही कंपनीचा टॉर्च बसेल. टॉर्च १५एके धाटणीचा, ३ मीटर लांब. सीओटूवर ६० टक्के ड्युटीला १८० अँपिअर सोसणारा, म्हणजे १२० साठी भरपूर, आणि त्याच्या एम६ टिपा (तार जिथून बाहेर येते ती टोकं), नॉझल (टिपेभोवतीचं गॅसचं तोंड), लायनर (केबलमधली तारेची नळी) त्याच दुकानात सुटे मिळतात का. फीडरचं गिअर धातूचं आहे का. आणि सर्किट बोर्ड बिघडला तर दुरुस्ती कोल्हापुरातच होते की मशीन कुरिअरने लांब पाठवायचं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विक्रेता सरळ देत नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

५ किलोच्या रिळेपेक्षा मोठी रीळ आत मावत नव्हती. विक्रेत्याने हे कमीपणाने सांगितलं, कारण १५ किलोची रीळ किलोमागे स्वस्त पडते. पण हिशोब करून पाहा. ०.८ मिमीची तार मीटरला ४ ग्रॅमच्या आसपास भरते. २५ बाय २५ च्या पाईपचा एक जोड चारही बाजूंनी मारायला अडीच-तीन ग्रॅम तार लागते. शंभर जोडांच्या गेटला पाव किलोच्या थोडी वर. ५ किलोत अशी सतरा-अठरा गेटं होतात. १५ किलोची रीळ या शेडमध्ये दोन पावसाळे पाहील, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या रिळेवर तांबूस ठिपके यायला जुलै पुरे. गंजलेली तार लायनरमध्ये चूर सोडते आणि मग ती अडकायला लागते.

तार ईआर ७०एस-६, तांब्याचा मुलामा असलेली. तिच्यातलं मँगनीज-सिलिकॉन जास्त असल्यामुळे थोडाफार गंज आणि काळा थर ती सोसून घेते. सांध्यावर दिसणारे तपकिरी काचेसारखे ठिपके त्यातूनच येतात. रंग मारण्याआधी ते खरवडून काढायचे, नाहीतर तिथला रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

गॅस

पर्याय दोन: नुसता सीओटू, किंवा आर्गॉनमध्ये १८-२० टक्के सीओटू असलेलं मिश्रण. मिश्रणावर आर्क मऊ, छर्रे कमी, पातळ पत्र्यावर हात निर्धास्त. सीओटूवर छर्रे उडतात, आर्कचा आवाज कडक, पण आत शिरतो जास्त आणि मिळतो कुठेही. फरक फक्त गॅसच्या दरात नाही. मिश्रण सिलिंडरमध्ये वायुरूपातच राहतं. १० लिटर पाण्याच्या मापाच्या सिलिंडरमध्ये १५० बारला दीड घनमीटर. मिनिटाला १० लिटर या वेगाने अडीच तासांची आर्क. सीओटू द्रवरूपात भरतात. १ किलोतून साधारण ५३५ लिटर वायू निघतो, म्हणून ९ किलोच्या सिलिंडरमधून आठ तास. पाईपकामात १ किलो तारेला सव्वा ते दीड किलो सीओटू जातो, टाकेच जास्त असतील तर थोडा अधिक. इतक्या कमी कामाला मोठा सिलिंडर भाड्याने ठेवण्यात अर्थ नव्हता. ९ किलोचा सीओटू विकत घेतला.

घेताना सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) तारीख पाहिली. ही चाचणी पाच वर्षांनी करावी लागते. मुदत उलटलेला सिलिंडर नियमाने भरता येत नाही आणि चांगला विक्रेता तो भरूनही देत नाही. तिथेच रिकाम्या सिलिंडरचं वजन ठोकलेलं असतं. ते लिहून ठेवायचं, कारण सीओटूमध्ये प्रेशर गेज किती गॅस उरलाय हे सांगत नाही. आत द्रव असेपर्यंत काटा तापमानाप्रमाणे हलतो, २० अंशांना ५७ बारच्या आसपास. द्रव संपला की मग झरझर खाली येतो. उरलेला गॅस कळायचा तर सिलिंडर काट्यावर ठेवायचा.

याच सुमारास एकाने मालकाला जुना साडेचार किलोचा अग्निशामक सीओटू सिलिंडर जवळपास फुकट देऊ केला. घेतला नाही ते बरं. अग्निशामकाच्या सिलिंडरमध्ये तळापर्यंत जाणारी नळी असते, कारण आगीवर द्रव फेकायचा असतो. तो रेग्युलेटरला जोडला की वायूऐवजी द्रव वर येतो, रेग्युलेटर क्षणात गोठतो आणि आतला पडदा फाटू शकतो. शिवाय वेल्डिंगला कोरडा गॅस लागतो. रेग्युलेटर सीओटूचाच घ्यायचा, आर्गॉनच्या सिलिंडरचे आटे वेगळे असतात. हीटर लागला नाही: मिनिटाला १० लिटर आणि थांबत-थांबत काम असेल तर रेग्युलेटर गोठत नाही. १५-२० लिटरवर सलग चालवलं तर त्यावर पांढरा बर्फ धरतो.

सिलिंडर भिंतीला साखळीने बांधला, सावलीत. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रव राहूच शकत नाही आणि भरलेल्या सिलिंडरमधला दाब वेगाने चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेची दुपार काय असते ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या आठवड्यातले बिघाड

मशीन लागलं आणि तार रोलरपाशीच गुंतून पक्ष्याच्या घरट्यासारखी झाली. असं झालं की बहुतेक जण रोलरचा दाब वाढवतात. वाढवल्यावर तार चपटी होते आणि टिपेत अडकते, मग घरटं आणखी मोठं. इथे रोलरला दोन चर होते, ०.८ आणि १.० चे, आणि रोलर १.० च्या बाजूने बसवलेला होता. तार चरात सैल, म्हणून घसरत होती. रोलर उलटा केला, दाब सगळा सोडला आणि थोडा-थोडा वाढवला: टॉर्च लाकडाच्या फळीपासून दोन इंचांवर तिरका धरून बटण दाबायचं, तार फळीला टेकून गोल वळत बाहेर यायला लागली की तिथेच थांबायचं. टॉर्चची केबल शक्य तेवढी सरळ ठेवायची. निळा लायनर ०.८ ला योग्य. लाल लायनर जाड तारेचा, त्यात ०.८ ची तार वळवळते.

दुसरा बिघाड सच्छिद्रपणाचा. सांध्यावर अळीने खाल्ल्यासारखी भोकं. रेग्युलेटर १२ लिटर दाखवत होता. नॉझलच्या तोंडावर छोटा फ्लो मीटर लावून पाहिलं तर तिथे ५. बाकीचे ७ वाटेत कुठेतरी. साबणाचं पाणी लावल्यावर रेग्युलेटर, नळी, क्लिपा सगळं कोरडं निघालं. युरो कनेक्टर काढल्यावर कळलं: टॉर्च बसवताना तो तिरका दाबला गेला होता आणि त्यावरची छोटी ओ-रिंग कापली गेली होती. ओ-रिंग नवी घातली, सरळ बसवली, नॉझलवर ११ लिटर आले. भोकं कमी झाली, गेली नाहीत. मग वर पाहिलं. शेडच्या छताचा पंखा चालू होता. ताशी ८ किलोमीटरच्या आसपासचा वारासुद्धा गॅसचं छत्र मोडायला पुरतो. गॅस २० लिटरवर वाढवणं हा त्यावर उपाय नाही. जास्त वेगाने सुटलेला गॅस नॉझलच्या तोंडाशी भोवरे करून बाहेरची हवा आत ओढतो. पंखा बंद केला आणि धूर जाण्यासाठी समोरासमोरची दोन झडपं उघडी ठेवली. झडपं हवीतच. सीओटू हवेपेक्षा जड आहे, बंद शेडमध्ये तो खाली साचतो, आणि आर्कमध्ये त्याचा थोडा कार्बन मोनॉक्साइडही होतो.

मालकाकडे जुन्या जीआय पाईपचे तुकडे होते. त्यावरचा जस्ताचा थर सांध्यापासून एक इंच घासूनच वेल्डिंग करायचं. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि सांध्यातही छिद्रं पडतात ती वेगळी.

सुरुवातीचं सेटिंग १६ गेजला ७० अँपिअर, तार मिनिटाला साडेतीन मीटर, व्होल्टेज साडेसतरा. सीओटूवर मिश्रणापेक्षा एक-दोन व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे मिश्रणासाठी दिलेला तक्ता जसाच्या तसा वापरला तर तार पत्र्याला टक्कर देते, टॉर्च हाताला मागे ढकलतो. व्होल्ट जास्त झाले की तार टिपेपर्यंत जळत जाते आणि टिपेला चिकटते. टिपेपासून तार १० मिमी बाहेर. १८ गेजला सलग ओढायचं नाही, समोरासमोरच्या बाजूंना पाऊण-एक इंचाचे तुकडे मारत जायचं. अर्थ क्लॅम्प लावण्याची जागा घासून चकचकीत करायची. रंगावर लावलेल्या क्लॅम्पने आर्क तुटते आणि दोष मशीनला जातो.

दिसायला सुंदर, आतून सुटा

सगळ्यात जास्त वेळ ज्या गोष्टीवर द्यायचा ती ही. कांडीचा वाईट सांधा वाईट दिसतो. मिगचा वाईट सांधा छान दिसू शकतो. तार वितळत राहते, वर गोल गुळगुळीत रेघ उमटते, पण खालचं लोखंड वितळलेलंच नसतं. रेघ नुसती वर टेकलेली. पातळ पाईपवर हे सहसा होत नाही, कारण पाईप लगेच तापतो. ४-५ मिमीवर हमखास होतं.

चाचणी घरी करता येते. ५ मिमीच्या पट्टीचे तीन-तीन इंचांचे दोन तुकडे उलट्या ‘टी’सारखे उभे-आडवे जोडायचे, फक्त एका बाजूने. गार झाल्यावर आडवी पट्टी शिकंजात धरून उभी पट्टी हातोड्याने सांध्याच्याच बाजूला पाडायची. म्हणजे मुळाशी ताण येतो. मालकाने ९० अँपिअर, १७ व्होल्टवर, वरून खाली ओढत मारलेला तुकडा तिसऱ्या घावाला सुटला. सांधा उभ्या पट्टीबरोबर अख्खा निघून आला आणि आडव्या पट्टीवर मुळाशी ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे दिसत होते. तिथलं लोखंड वितळलंच नव्हतं. वरून मात्र या सांध्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

दुसऱ्या तुकड्याला उभ्या पट्टीची कडा ४५ अंशांत घासली, काळा थर दोन्हीकडे काढला, पट्टी आडवी ठेवली, १२० अँपिअर आणि २० व्होल्ट, तार मिनिटाला ६ मीटर, आणि टॉर्च पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढत चालवला. आर्क वितळलेल्या डबक्याच्या मधोमध न ठेवता पुढच्या काठावर. हा तुकडा पूर्ण आडवा होईपर्यंत ठोकला, सांधा एका टोकाला फाटला, आणि फाटलेली जागा दोन्हीकडे राखाडी, दाणेदार होती. क्लॅम्प मीटरवर त्या वेळी भिंतीतून १८-१९ अँपिअर जात होते, वरच्या हिशोबाला धरून.

यावरून शेडचा नियम ठरला: ४ मिमीपर्यंत मिग, ५ मिमीला कडा घासून आणि त्याच दिवशी असा एक तुकडा फोडून पाहिल्यावरच, ६ च्या पुढे कांडी. वरून खाली ओढत मारणं फक्त पाईपवर.

पैसे कुठे गेले

पन्नास हजारांतला निम्म्याहून थोडा जास्त भाग मशीनला लागला. बाकी सिलिंडर-रेग्युलेटर, तांब्याची वायर, सॉकेट आणि आरसीबीओ, आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट (९ ते १३ शेड बदलता येणारं, ७० अँपिअरला १०, १२० ला ११), तारेची एक रीळ, दहा टिपा, दोन नॉझल, एक जास्तीचा लायनर, छर्रे चिकटू नयेत म्हणून नॉझलला लावायची पेस्ट. दुकानातून मशीन घेऊन घरी येणाऱ्या माणसाच्या यादीत या वस्तू नसतात आणि पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता, दुकानं बंद असताना, शेवटची टिप जळते.

ॲल्युमिनिअम आणि स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचा विषय दोनदा निघाला. ॲल्युमिनिअमला शुद्ध आर्गॉन, यू-आकाराचा रोलर, टेफ्लॉन लायनर किंवा सरळ स्पूल गन (छोटी रीळ टॉर्चवरच असलेली बंदूक) लागते. सीओटूवर ते होतच नाही. जिन्याच्या स्टील रेलिंगला सांधा दिसायला हवा तसा टिगवरच (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉनमध्ये होणाऱ्या वेल्डिंगवर) येतो. दोन्ही कामं बाहेर द्यायची ठरली.

शेजारच्यांनी गेटाबद्दल विचारायला सुरुवात केली आहे. पैसे घेऊन कामं करायची तर त्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन आपल्या वापराला कोणता दर लागू होतो ते लेखी विचारून घ्यावं. घरगुती जोडणीचा मंजुरीबाहेर वापर झाल्याचं ठरलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.